वेड पांघरून पेडगावला आलेला बॉक्स

पेडगाव म्हटलं की महाराष्ट्राला आधी म्हण आठवते. वेड पांघरून पेडगावला जाणे, म्हणजे सगळं कळत असून काहीच कळत नसल्याचं सोंग घेणे. म्हणीतलं पेडगाव भीमाकाठचं, बहादूरगडाचं, असं मानतात. आमचं पेडगाव परभणी जिल्ह्यातलं. म्हणीशी आमचा संबंध फक्त नावापुरता, तरी बाहेरगावी गाव सांगितलं की समोरचा हसतोच. पण आता आमच्याही पेडगावात एक जण वेड पांघरून आलाय. टीव्हीखालच्या फळीवर बसतो, त्याचा हिरवा दिवा रात्रभर जळतो. त्याला सगळं कळतं, पण विचारल्याशिवाय तो काही सांगत नाही. त्याचं नाव सेटटॉप बॉक्स, आणि त्यातही रेकॉर्डिंग करणारा.

त्याचं सोंग आमच्या घरी उघडं पडलं २९ जून २०२४ च्या रात्री. टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना बार्बाडोसला होता, आपल्याकडे रात्री आठला सुरू झाला. भारताची फलंदाजी चालू असतानाच इशाची अजान झाली. धाकट्या भावाने रिमोटवरचं थांबवायचं बटण दाबलं आणि आम्ही पुरुषमंडळी मशिदीत गेलो. परत आलो, त्याने पुन्हा बटण दाबलं, सामना जिथे थांबवला होता तिथून सुरू झाला. सगळे खूश. तंत्रज्ञानाची कमाल!

पुढे दक्षिण आफ्रिकेची फलंदाजी. आमच्या पडद्यावर क्लासेन अक्षर पटेलला झोडपत होता, एका षटकात चोवीस धावा गेल्या. तीस चेंडूंत तीस धावा हव्या होत्या. घरात कुणी बोलेना. अम्मीने तस्बीह हातात घेतली. आणि बाहेर फटाके फुटायला लागले. आधी बसस्टँडकडून, मग आमच्याच गल्लीतून. पोरं ओरडत पळत होती. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. सामना आपण हरतोय आणि गाव फटाके फोडतंय? पुतण्या धावत आत आला, "अरे जीते अपन! सूर्याने कॅच पकड्या!" आमच्या पडद्यावर तो झेल यायला अजून वीस-पंचवीस मिनिटं होती. तोवर आम्ही काय बघायचं? आम्ही टीव्ही बंद केला आणि बाहेर जाऊन गावाच्या आनंदात सामील झालो. सूर्यकुमारचा तो झेल आमच्या घराने दुसऱ्या दिवशी बातम्यांत बघितला.

पण त्या रात्रीची खरी गोष्ट मला नंतर कळली. आम्ही नमाजला गेलो तेव्हा घरात अम्मी होती, भावजय होती, शेजारची खाला होती. त्यांनी काय बघितलं? बॅट उचललेला, थिजलेला विराट कोहली. पंचवीस मिनिटं. भावजय म्हणाली, "सिग्नल गया सो समझी मैं." कुणी त्यांना सांगितलं नव्हतं की टीव्ही थांबवलाय. बॉक्सनेही सांगितलं नाही. कोपऱ्यात दोन उभ्या रेघांचं चिन्ह काही सेकंद दिसलं असेल आणि गेलं असेल. नंतर अख्खा सामना आम्ही मागे पडून बघत होतो, तेव्हाही त्याने ते सांगितलं नाही. त्याला मिनिटामिनिटाचा हिशेब माहीत होता, तरी तो वेड पांघरून बसला.

गल्लीत कुणाचाही रिमोट अडला की मला हाक येते. त्यामुळे या बॉक्सकडून माणसांना काय हवं असतं ते मी पुष्कळ ऐकलंय. ते फार नाहीच. माझं म्हणणं असं की लोकांची अपेक्षा साधी आहे, रास्त आहे, आणि ज्यांनी ही यंत्रं बनवली त्यांनी ती कधी नीट ऐकलीच नाही. पहिली अपेक्षा ही, की टीव्ही लावला म्हणजे जे दिसतंय ते आत्ताचं. रेकॉर्डिंग, थांबवणं, मागे नेणं हे सगळं वरचं. ते असलं तर चांगलं, पण त्याच्यापायी "आत्ताचं" या गोष्टीवरचा विश्वास उडता कामा नये.

हा विश्वास कुठून आला ते बघा. माझ्या लहानपणी गावात मोजके टीव्ही होते. १९८७ च्या जानेवारीत रामायण सुरू झालं, पुढच्या वर्षी ऑक्टोबरपासून महाभारत. रविवारी सकाळी आम्ही पोरं ज्यांच्याकडे टीव्ही त्यांच्या ओसरीवर जाऊन बसायचो. कोण हिंदू, कोण मुसलमान, हा प्रश्न तेव्हा ओसरीला पडत नसे. महाभारताचे संवाद राही मासूम रजांनी लिहिलेत हे पुढे कळलं आणि छाती जरा फुगली. पण सांगायचं ते वेगळंच आहे. त्या तासात जो आला त्याने बघितलं. वीज गेली तर सगळ्यांची गेली. चुकलं ते सगळ्यांचं चुकलं. टीव्हीवरची वेळ आणि गावातली वेळ एकच होती. आपण बघतोय तेच परभणीत, मुंबईत, दिल्लीत या क्षणाला बघतायत, ही खात्री टीव्हीने दिली होती आणि लोकांनी ती मनाशी पक्की धरली.

मग ही खात्री तुटते कशी? आत काय चालतं ते सोप्या भाषेत सांगतो. साध्या बॉक्समध्ये छत्रीवरून आलेला सिग्नल उलगडून थेट पडद्यावर जातो. रेकॉर्डरमध्ये मधे एक कोठार असतं, हार्ड डिस्क किंवा मागे खोचलेला पेन ड्राइव्ह. थांबवायचं बटण दाबलं की येणारा कार्यक्रम कोठारात भरत राहतो. पुन्हा चालू केलं की पडदा कोठारातून खायला लागतो. एका बाजूने माल येतो, दुसऱ्या बाजूने निघतो, मधलं अंतर तेवढंच राहतं. पंचवीस मिनिटं थांबलात तर तुम्ही पंचवीस मिनिटं मागे. जाहिराती पुढे ढकलल्या किंवा "लाईव्हवर जा" म्हटलं तरच ते अंतर भरतं. नाहीतर रात्रभर तुम्ही मागेच.

ही युक्ती बाजारात आली १९९९ मध्ये, अमेरिकेत टिवो नावाच्या यंत्राने. ते शेवटचा अर्धा तास आपोआप साठवून ठेवायचं. त्याआधी व्हिडिओ कॅसेटवर कार्यक्रम टिपून नंतर बघण्याचा हक्क तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये मान्य केला होता, पाच विरुद्ध चार मतांनी. सोनी कंपनीच्या बेटामॅक्सचा तो खटला. म्हणजे टीव्हीच्या वेळेपासून माणसाला सोडवण्याची ही कल्पना जुनी आणि मोठी आहे. आपल्याकडे २००८ मध्ये टाटा स्कायने प्लस नावाचा रेकॉर्डर आणला. त्यात एक वाहिनी बघता बघता दुसरी टिपता येत होती. पण तो शहरातल्या, खिसा भरलेल्या घरांसाठी होता.

आमच्यासारख्या गावांत रेकॉर्डिंग आलं ते मागच्या दाराने. दूरदर्शनची फुकटची डीटीएच सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. आज तिला फ्री डिश म्हणतात. छत्री आणि बॉक्सचे एकदाच पैसे मोजायचे, महिन्याचा रिचार्ज नाही. तिच्यासाठी बाजारात मिळणाऱ्या स्वस्त बॉक्सांपैकी अनेकांना पेन ड्राइव्हची जागा असते आणि रिमोटवर लाल ठिपक्याचं बटण. डिशवाला बॉक्स बसवून निघून जातो, त्या बटणाबद्दल एक शब्द बोलत नाही. मग कुणाचा तरी पोरगा गाण्यांचा पेन ड्राइव्ह खोचतो, बटणं दाबून बघतो, आणि घरात रेकॉर्डर येतो. कुणी मागितलेला नसतो, कुणी शिकवलेला नसतो.

इथे दुसरी अपेक्षा येते, आणि ही बायकांची आहे. माझ्या भावजयीची संध्याकाळची एक मालिका आहे. त्याच वेळेला भाकरी, त्याच वेळेला पोरांचा अभ्यास, त्याच वेळेला पुरुष घरी येऊन बातम्या लावणार. लाल ठिपक्याचं बटण मी तिला दाखवलं तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. आता मालिका टिपली जाईल, रात्री सगळे झोपल्यावर निवांत बघता येईल. दुसऱ्या दिवशी भावाने बातम्यांसाठी वाहिनी बदलली. पडद्यावर प्रश्न आला, इंग्रजीत, की रेकॉर्डिंग थांबवायचं का. भावाने "ओके" दाबलं. पडद्यावर काहीही आलं की आपण "ओके"च दाबतो. मालिका अर्ध्यात तुटली.

यात भावाचा दोष किती आणि बॉक्सचा किती? अशा स्वस्त बॉक्समध्ये सिग्नल पकडणारा भाग, म्हणजे ट्यूनर, सहसा एकच असतो. एकच नळ आहे, त्याखाली घागर भरायला लावलीय, आणि दुसऱ्याला हात धुवायचेत. कुणीतरी थांबलं पाहिजे. प्रत्येक वेळी घागरवालीच थांबते, कारण रिमोट कुणाच्या हातात असतो हे सगळ्यांना माहीत आहे. यंत्र बनवणाऱ्याने एका माणसाचा विचार केला, एक खोली, एक रिमोट, एकाची आवड. आमच्याकडे एका टीव्हीसमोर सात-आठ माणसं असतात, आणि त्यात कुणाच्या शब्दाला वजन जास्त हे आधीच ठरलेलं असतं. रेकॉर्डर ज्या माणसाला सर्वांत जास्त उपयोगी पडायचा, तिचंच काम तो सर्वांत आधी मोडतो.

मराठी वाहिन्यांना हे बॉक्सवाल्यांपेक्षा आधी समजलेलं दिसतं. रात्रीचा भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवतात ना, तोच गरीब घराचा खरा रेकॉर्डर. पुरुष कामावर, पोरं शाळेत, भांडी घासून झालेली. भावजय आता लाल बटणाकडे बघतही नाही. दुपारचं पुनःप्रक्षेपण बघते. त्याला पेन ड्राइव्ह लागत नाही आणि कुणी "ओके" दाबून तो तोडू शकत नाही.

तिसरी अपेक्षा वेळेची. आमच्याकडे रमजानमध्ये बातम्यांची वाहिनी चालू असते ती बातम्यांसाठी कमी आणि कोपऱ्यातल्या घड्याळासाठी जास्त. एका संध्याकाळी पोराला जेवू घालताना कुणीतरी टीव्ही थांबवला, मग चालू केला. घड्याळ पंधरा मिनिटं मागे. आम्ही खजूर हातात घेऊन बसलो आणि मशिदीची अजान झाली, तेव्हा पडद्यावर अजून वेळ बाकी दिसत होता. इफ्तार असल्याने निभावलं, चार मिनिटं उशीर झाला तर काय बिघडतं? पण हाच घोळ सहरीला झाला असता तर? घड्याळ मागे, माणूस निवांत खातोय, आणि बाहेर वेळ संपलेली. रोजाच धोक्यात. अम्मीने त्या दिवसापासून भिंतीवरचं जुनं घड्याळ पुन्हा चालू केलं. सेल घालून दिला मीच. टीव्हीवरच्या घड्याळावर तिचा भरवसा उरला नाही, आणि मी तिला चूक म्हणू शकलो नाही.

चौथी अपेक्षा सांगताना मला थोडं जड जातं. फ्री डिशच्या आधी आमच्याकडे महिन्याच्या पैशाची एक डीटीएच जोडणी होती. कंपनीचं नाव घेत नाही. त्या बॉक्सलाही पेन ड्राइव्ह लागायचा. अब्बा शेतकरी होते. परभणीच्या कृषी विद्यापीठात शेतकऱ्यांचा मेळावा भरला होता, तिथे त्यांनी सोयाबीनवरच्या किडीबद्दल उभं राहून प्रश्न विचारला. टीव्हीवाले आले होते. पुढे ते चित्रण शेतीच्या कार्यक्रमात लागलं. अब्बा पडद्यावर अर्धा मिनिट होते. टोपी, पांढरी दाढी, हातात माईक धरायची सवय नाही म्हणून तो हनुवटीला लावलेला. मी लाल बटण दाबून ठेवलं होतं. पुढे पाहुणा आला की अब्बाच म्हणायचे, "वो लगा रे, मेरावाला."

एका पावसाळ्यात वीज कडाडली आणि बॉक्स जळाला. पेन ड्राइव्ह शाबूत होता. मी निर्धास्त होतो. नवा बॉक्स आला, पेन ड्राइव्ह खोचला, तर फाईल दिसते पण चालत नाही. परभणीला एका ओळखीच्या पोराच्या संगणकावर लावून बघितली, तिथेही नाही. त्याने समजावून सांगितलं की अशा सशुल्क सेवांच्या बॉक्समध्ये रेकॉर्डिंग कुलूप लावूनच साठवतात आणि किल्ली त्याच बॉक्सच्या पोटात असते. सिनेमाची चोरी होऊ नये म्हणून. चोरी होऊ नये हे मलाही मान्य. पण माझ्या बापाच्या अर्ध्या मिनिटाची चोरी कोण करणार होतं? अब्बांचा इंतकाल होऊन आता काही वर्षं झाली. तो पेन ड्राइव्ह अम्मीच्या कपाटात आहे, कुराणशरीफच्या गिलाफाशेजारी. त्यात अब्बा आहेत, आणि आम्हाला ते दिसत नाहीत.

कुणी म्हणेल, आता या सगळ्याची गरजच काय, मोबाईल आहे ना? सगळं हवं तेव्हा, हवं तिथे. मोबाईलचा फायदा मी नाकारत नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, मोबाईलवरचा सामनाही "आत्ताचा" नसतो. इंटरनेटवरून येणारं चित्र तुकड्यातुकड्याने साठवत पुढे येतं, त्यामुळे छत्रीवाल्या टीव्हीपेक्षा ते बहुतेक वेळा काही सेकंद मागे असतं, कधी अर्धा मिनिटही. शेजारच्या घरात चौकार आधी ओरडला जातो आणि तुमच्या हातातला गोलंदाज अजून धावतच असतो. दोन, मोबाईल एकट्याचा. अम्मी मोबाईलवर मालिका बघत नाही, तिला डोळ्याला त्रास होतो. आणि डेटा संपला की "हवं तेव्हा" संपतं. फ्री डिश देशातल्या चार कोटींहून जास्त घरांत असल्याचं सांगतात. ही घरं टीव्ही सोडून गेलेली नाहीत. त्यांना मागासलेली समजून यंत्रं बनवू नका, एवढंच म्हणणं आहे.

आणि मागणी तरी काय आहे? जे बॉक्स बनवतात, जे विकतात, जे बसवतात, त्यांच्यासाठी सांगतो.

टीव्ही लावला की नेहमी आत्ताचं दिसावं. काल कुणी काय थांबवलं होतं त्याच्याशी आजचा संबंध नको.

पडदा मागे पडला असेल तर ते कोपऱ्यात सतत लिहिलेलं असावं, मोठ्या अक्षरांत आणि मराठीत: "२५ मिनिटं मागे". चिन्ह नको, इंग्रजी नको. माझ्या अम्मीला वाचता आलं पाहिजे. आणि एकच मोठं बटण, दाबलं की थेट आत्ताच्या क्षणाला.

रेकॉर्डिंग चालू असताना कुणी वाहिनी बदलली तर आधी स्पष्ट विचारावं, आणि नुसतं "ओके" दाबून ते तुटू नये. दुसरा ट्यूनर स्वस्त बॉक्समध्ये बसत नसेल तर निदान टिपणारीचा हक्क बघणाऱ्याइतका तरी धरावा. वीज गेली आणि आली तर अर्धवट राहिलेलं रेकॉर्डिंग आपोआप पुन्हा सुरू व्हावं. आमच्याकडे वीज जातेच, हे बनवणाऱ्याला माहीत नसावं असं मला वाटत नाही.

आणि बॉक्स जळाला, बदलला, रिचार्ज संपला, तरी घराने टिपलेलं घरालाच दिसावं. किल्ली बॉक्सच्या पोटात ठेवायची असेल तर तसं पाकिटावर छापा. म्हणजे माणूस जपायची गोष्ट तिथे ठेवणार नाही.

यातलं काहीही अवघड नाही. मागे पडल्याचा हिशेब बॉक्सकडे असतोच, तो दाखवायचा की नाही एवढाच प्रश्न आहे. डिशवाल्याला पाच मिनिटं बटणं समजावून सांगायला काही खर्च नाही. माझंही थोडं चुकलंच. घरात यंत्रातलं कळणारा मी, तरी त्या रात्री नमाजला जाताना "टीव्ही थांबवलाय, हे बटण दाबलं की चालू होईल" एवढं वाक्य मी बायकांना सांगितलं नाही. आमच्या घरात मीही वेड पांघरलंच होतं की.

आता आमच्या घरात एक नियम झालाय. सामना थांबवायचा नाही. नमाजला जायचं असेल तर जा, जेवढा चुकेल तेवढा चुकेल. घरी बसलेल्या बायका बघतील आणि परत आल्यावर सांगतील. गेल्या खेपेला भावजयीने एक झेल असा रंगवून सांगितला की मला तो प्रत्यक्ष बघितल्याचाच भास झाला.